विमलताईंची पंचवार्षिक

विमलताई कोरे यांनी बावीस वर्षं लोकांना 'बसत नाही' असं सांगितलं. सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात विम्याच्या खिडकीमागे त्यांची खुर्ची होती. नवरा आत ऑपरेशनच्या टेबलावर, बायको खिडकीबाहेर, आणि विमलताई कागद उलटसुलट करून म्हणायच्या, "हे तुमच्या पॉलिसीत बसत नाही हो." नियम त्यांनी केले नव्हते, पण शिव्याशाप त्यांच्या वाट्याला. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता जरा आधीच्या टोकाला बसू. लोक योजना निवडतात तिथंच त्यांना धरून नीट समजावू, म्हणजे पुढं कुणाला खिडकीशी रडायला नको. त्यांनी परीक्षा दिली, सरकारी सल्लागाराचं प्रमाणपत्र मिळवलं, आणि सायंतारा ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये कॅरमच्या शेजारी त्यांचं टेबल लागलं. हौस, दुसरं काय.

आता तिसरं वर्ष चाललं होतं आणि हौस पार फिटली होती.

एप्रिल म्हणजे निवडीचा महिना. नव्या कायद्यानं साठीपुढच्या प्रत्येकाला तीनपैकी एक आरोग्य योजना घ्यावी लागे. एक हृदय आणि मेंदूची, दुसरी मूत्रपिंड आणि यकृताची, तिसरी सर्वसाधारण. जी घ्याल तिच्यातल्या आजाराचा सगळा खर्च मिळणार, बाकीच्यांचा तोंडी लावण्यापुरता. आणि एकदा निवडली की पाच वर्षं बदल नाही. तीस एप्रिलला दार बंद.

"हिराबाईनं कुठली घेतली?" टेबलासमोर बसलेल्या तानूबाई सुतारांनी विचारलं. वय अडुसष्ट, डोक्यावर पदर, हातात पिशवी.

"ते मला सांगता येत नाही काकी. ज्याचं त्याचं खाजगी असतंय."

"मग तीच द्या मला."

विमलताईंनी डोळे मिटून घेतले. दिवसातली ही अकरावी बाई होती आणि पंख्याखाली बसूनही पाठ भिजली होती.

"काकी, हिराबाईचं अंग वेगळं, तुमचं वेगळं. तुमची पंचवार्षिक आलीय ना? ती बघू आधी."

पंचवार्षिक म्हणजे अवयव-वय चाचणी. पुढच्या पाच वर्षांचं सांगते म्हणून लोकांनीच तिचं हे बारसं केलं होतं. विमलताई ती दिवसातून दहा वेळा समजावून सांगत, त्यामुळं शब्द आपोआप यायचे.

"आपल्या अंगात रोज अगणित पेशी मरतात. काळजातल्या, मेंदूतल्या, लिव्हरमधल्या. मरताना त्यांच्या डीएनएचे बारके तुकडे रक्तात सांडतात. आता डीएनए सगळ्या अंगात एकच. पण त्यातला कुठला भाग चालू ठेवायचा आणि कुठला बंद, याच्या रसायनाच्या खुणा त्यावर असतात, आणि त्या प्रत्येक अवयवाच्या निराळ्या. म्हणजे तुकडा बघून यंत्राला कळतंय, हा काळजातनं आला का मूत्रपिंडातनं. कुठले तुकडे जास्त सांडताहेत, म्हणजे कोण जास्त झिजतंय, ते कळतं. शिवाय वयाबरोबर त्या खुणा बदलत जातात. दोन्ही मिळून यंत्र प्रत्येक अवयवाचं वय काढतंय. तुम्ही अडुसष्टच्या असला तरी तुमचं काळीज साठीचं असंल, नाहीतर ऐंशीचं."

"माणूस एक आणि वयं धा," तानूबाई म्हणाल्या. "बरं, उघडा."

हा कागद विमा कंपनीला बघायची मनाई होती. सल्लागारासमोर बसून ज्याचा त्यानं उघडायचा, समजून घ्यायचा, आणि मग योजना निवडायची. तानूबाईंनी पडद्यावर अंगठा टेकवला. हृदय एकोणऐंशी. मूत्रपिंडं त्र्याऐंशी.

परत मूत्रपिंडं. महिन्याच्या सुरुवातीला संघाच्या शिबिरात या चाचणीसाठी रक्त दिलेल्या त्रेचाळीस जणांपैकी एकतीस जणांची मूत्रपिंडं आपल्या धन्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी म्हातारी निघाली होती. सांगलीचं पाणीच तसलं, असं विमलताईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. शेतातली खतं, गुडघ्यासाठी खाल्लेल्या गोळ्या, आणखी काय काय. त्यांनी तानूबाईंना सगळं सांगितलं, तानूबाईंनी मूत्रपिंडाची योजना घेतली आणि जाताना विचारलं, "हिराबाईनं बी हीच घेतली असंल, न्हवं?"

घेतली होती. विमलताईंनी पुढच्या बाईला हाक मारली.

या एकतीस जणांत एक भालचंद्र नांद्रेकरही होते. विमलताईंचं डोकं कामात राहत नव्हतं त्याचं खरं कारण ते होते.

नांद्रेकर एकोणसत्तर वर्षांचे, विधुर. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी कृष्णेची पातळी मोजण्यात गेली. पुराच्या दिवसांत आयर्विन पुलापाशी उभं राहून तासातासाला फूट आणि इंच लिहायचे. विमलताईंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. दीड वर्षापूर्वी दोघं सकाळी घाटावर फिरताना भेटू लागले, मग रविवारी नाष्ट्याला जाऊ लागले, आणि गेल्या संक्रांतीला नांद्रेकरांनी सरळ विचारलं, "विमलताई, या वयात वेगवेगळे दोन कुकर कशाला लावायचे?" त्या हसल्या होत्या. पाडव्यानंतर एकत्र राहायचं ठरलं. हुबळीच्या लेकीला सांगितलं, ती म्हणाली, आई, तू सुखात राहा म्हणजे झालं. नांद्रेकरांच्या सुनेनं तर साडीसुद्धा आणून ठेवली. एप्रिल उजाडला तेव्हा फक्त सामान हलवायचं राहिलं होतं.

मग शिबिर झालं. विमलताई आता घरच्याच होणार, म्हणून नियमाप्रमाणं नांद्रेकरांनी आपला कागद मिरजेच्या सल्लागाराकडं जाऊन उघडला. दुसऱ्या दिवशी घाटावरच्या बाकावर बसून त्यांनी सांगितलं, मूत्रपिंडं चौऱ्याऐंशी.

"तीन वर्षांत डायलिसिसची शक्यता सत्तर टक्के म्हणतात. आठवड्यातनं तीनदा दवाखाना. त्यात मी तुम्हाला ओढणार नाही." पाण्याकडं बघत ते म्हणाले, "नदी इशारा पातळीला आली की माणसं हलवायची असतात. धोका पातळीची वाट बघायची नसते. माझं ठरलंय."

विमलताई 'बरं' म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? मनुष्य विचारत नव्हताच, सांगत होता. घरी येऊन त्यांनी वरणभात लावला, ताट वाढून घेतलं, आणि मग पदर तोंडाला लावून पोटभर रडल्या. कुणाचा राग करावा तेही कळेना. बिचाऱ्यानं त्यांच्या भल्यासाठीच केलं होतं, आणि तेच जास्त लागत होतं.

बावीस एप्रिलला अक्काताई पाटील आल्या. वय एक्क्याऐंशी, कानानं अधू, जिभेनं तिखट. त्यांचा कागद उघडला आणि विमलताई बघतच राहिल्या. मूत्रपिंडं सत्तर.

"अक्काताई, तुम्ही पाणी कुठलं पिता?"

"नळाचं. मला काय हिमालयातनं येतंय होय?"

"गुडघ्याच्या गोळ्या?"

"सकाळ-संध्याकाळ."

सगळं तेच. तेच पाणी, त्याच गोळ्या, वर बारा-तेरा वर्षं जास्तीची. विमलताईंनी पेन खाली ठेवलं. "शिबिराच्या दिवशी काय वेगळं केलं होतं का तुम्ही?"

अक्काताई जरा ओशाळल्या. इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "कुणाला सांगू नको. तू मेसेज टाकलास अनशापोटी या म्हणून, पण चहाशिवाय माझं तोंडच उघडत न्हाई. दोन कप चहा प्याले, चपाती खाल्ली, आणि तांब्याभर पाणी पिऊन आले. रक्त बिघडलं का काय त्यानं?"

विमलताईंना एकदम आपला मेसेज आठवला. अक्काताई गेल्यावर त्यांनी फोनवर संघाचा ग्रुप उघडला आणि मागं मागं जात चार एप्रिलचा मेसेज काढला. 'उद्या सकाळी सात वाजता रक्त घेणार. सर्वांनी अनशापोटी यावे. पाणीही पिऊ नये. विमल कोरे.' खाली साठ अंगठे.

कुणी सांगितलं होतं त्यांना असं लिहायला? कुणीच नाही. रक्त द्यायचं म्हणजे अनशापोटी, हे आपल्याकडं आईच्या दुधाबरोबर शिकवतात. दवाखान्यात बावीस वर्षं त्यांनी तेच बघितलं होतं. चाचणीच्या कंपनीनं अकरा पानांचं सूचनापत्र पाठवलं होतं, ते त्यांनी पहिल्या पानापर्यंत वाचलं होतं. आता सातव्या पानावर बोट ठेवून वाचलं. 'चाचणीपूर्वी नेहमीप्रमाणे आहार व भरपूर पाणी घ्यावे. आठ तासांहून अधिक काळ पाणी न घेतल्यास मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशी ताणाने अधिक प्रमाणात मरतात. अशा वेळी मूत्रपिंडाचे वय ग्राह्य धरू नये.'

आणि त्या दिवशी रक्त घेणारी मंडळी गाडी बंद पडली म्हणून सातऐवजी अकराला पोचली होती. एप्रिलचं ऊन, रात्री आठपासून पाण्याचा थेंब नाही, पंधरा तास. म्हातारी माणसं निमूट रांगेत बसली होती आणि विमलताईच त्यांना सांगत फिरत होत्या, थोडंच राहिलंय, कुणी पाणी पिऊ नका.

म्हणजे नांद्रेकरांची मूत्रपिंडं चांगली असू शकत होती. हा विचार आधी आला, बाकीच्या बेचाळीस जणांचा नंतर. विमलताईंना स्वतःची लाज वाटली, पण आला खरा.

संघाचे अध्यक्ष गुरव सर. हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"ताई, माझं ऐका, गप्प बसा. लोकांनी मूत्रपिंडाची योजना घेतली, आजार निघाला नाही तर बरंच की. कुणाचं काय गेलं?"

"सर, तानूबाईंचं हृदय एकोणऐंशीचं आहे. मूत्रपिंडं त्याहून वाईट दिसली म्हणून मीच त्यांना ही योजना घ्यायला लावली. उद्या त्यांना झटका आला तर त्या दवाखान्यात जातील, आणि खिडकीमागची बाई त्यांना काय सांगंल ते मला पाठ आहे."

"तुमचं प्रमाणपत्र जाईल."

"जाऊ दे. माझाही जीव मेटाकुटीला आलाय."

त्याच दुपारी त्यांनी प्रमाणपत्र देणाऱ्या आयोगाला आपल्या चुकीबद्दल अहवाल पाठवला आणि ग्रुपवर लिहिलं, 'चूक माझी आहे. सूचना न वाचता मी तुम्हा सर्वांना उपाशी बोलावलं. चाचणी पुन्हा होईल.' या वेळी अंगठे आले नाहीत. दोघांनी ग्रुप सोडला, एकानं 'शिकलेली माणसं अशी' एवढंच लिहिलं. दोन दिवसांनी आयोगाचं उत्तर आलं. त्रेचाळीसही निवडी रद्द, फेरचाचणीला परवानगी, आणि सल्लागार विमल कोरे यांचं प्रमाणपत्र एक मेपासून चौकशीपर्यंत स्थगित. चाचणीच्या निकालाला दोन दिवस लागत. वेळ जेमतेम होता.

सव्वीस तारखेला सकाळी हॉलमध्ये उप्पीट आणि चहा ठेवला. विमलताई पहाटे उठून स्वतः उप्पीट करून घेऊन आल्या होत्या. लोक आले, पण खायला कुणी तयार होईना.

"खाऊन रक्त द्यायचं? शुगर वाढून दिसंल की ओ," एक अण्णा म्हणाले.

"साखर बघत नाहीत यात. खावा."

"घरी जाऊन खातो ना."

"इथंच खायचं. माझ्यासमोर."

ज्या बाईनं गेल्या वेळी घोटभर पाणी पिऊ दिलं नव्हतं, तीच आता तांब्या घेऊन प्रत्येकासमोर उभी राहत होती आणि दोन पेले रिकामे झाल्याशिवाय हलत नव्हती. तानूबाईंनी पाणी पिता पिता विचारलं, "हिराबाई प्याली का?" विमलताईंनी लांबून हिराबाई दाखवल्या, तेव्हा कुठं दुसरा पेला घशाखाली उतरला.

नांद्रेकर आठला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. मुकाट्यानं ताटली घेतली, उप्पीट संपवलं, तीन पेले पाणी प्यायले. मग विमलताईंजवळ आले.

"तुमच्या मेसेजमुळं झालं म्हणायचं."

"होय. माझ्यामुळंच."

"सातवं पान मीही वाचलं नव्हतं. आयुष्यभर मोजमाप केलं, आणि मोजणाऱ्याच्या सूचना वाचल्या नाहीत." ते हसले. "प्रमाणपत्राचं वाईट वाटलं."

तीन आठवड्यांनी ते असं मोकळं बोलले होते. विमलताईंच्या छातीत धडधडायला लागलं. एकसष्टाव्या वर्षी हे बरं दिसतं का, असं स्वतःलाच विचारून त्या चहाच्या पातेल्याकडं वळल्या.

तीस एप्रिलपर्यंत एकतीसपैकी सत्तावीस जणांची मूत्रपिंडं जागेवर आली. तानूबाईंची निघाली सहासष्ट, आणि हृदय तेच एकोणऐंशी. त्यांना हृदयाची योजना घ्यायला लावताना विमलताईंचा तास गेला, कारण हिराबाईंनी सर्वसाधारण घेतल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. "तुमच्या दोघींची गट्टी फक्त काळजाच्या बाहेर आहे काकी, आत नाही," असं सांगितल्यावर बाई एकदाच्या राजी झाल्या. चार जणांची मूत्रपिंडं मात्र खरीच खराब होती. त्यांनी पुन्हा तीच योजना घेतली आणि कुणाला काही न बोलता निघून गेले.

साडेचारला हॉल रिकामा झाला. विमलताई टेबलावरचे कागद गोळा करत होत्या तेव्हा नांद्रेकर पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मिरजेहून सरळ इकडंच आले होते.

"सदुसष्ट," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. बाकी सगळंही बरं आहे. पाच वर्षं काही चिंता नाही म्हणाले. घ्या, तोंड गोड करा."

विमलताईंनी पेढा घेतला. खरोखर आनंद झाला त्यांना. माणूस आजारी पडणार नाही, एवढं एक तरी काम त्या मेल्या शिबिरातून नीट झालं.

नांद्रेकर खुर्ची ओढून बसले. "मी तेव्हा घाईनं बोललो. पण परिस्थितीच तशी होती. आता ती राहिली नाही. सामान पुढच्या आठवड्यात हलवू या का?" मग घसा साफ करून म्हणाले, "फक्त एक. तुम्ही सर्वसाधारण योजना घेतली, पण पंचवार्षिक अजून केली नाही म्हणालात. तीही करून घेऊ. खाऊन-पिऊन, व्यवस्थित. म्हणजे दोघांचं समोर राहील आणि पुढचं ठरवता येईल."

त्यांच्या आवाजात काही खोट नव्हती. नदीचा आकडा विचारावा तितक्या सरळपणे विचारत होते. विमलताईंनी उरलेला पेढा कागदावर ठेवला.

"नांद्रेकर, तुमची मूत्रपिंडं खराब होती तेव्हाही मी येणार होते. तुम्ही विचारलंच नाही."

"तुमच्यावर ओझं नको म्हणून."

"ओझं उचलायचं का नाही ते मी ठरवलं असतं की. तीन वर्षं मी इथं बसून लोकांना तेच सांगतेय, सगळं समजून घ्या आणि आपलं आपण ठरवा. माझ्या वेळेला माझ्या वाटचं तुम्हीच ठरवून मोकळे झालात." त्यांचा आवाज चढला नव्हता, चढवायला ताकदही नव्हती. "असू दे. आता एवढंच सांगा. माझा कागद वाईट आला तर?"

नांद्रेकर पुड्याची सुतळी नीट करत राहिले. त्यांनी सगळ्या नोकरीत अंदाजानं एक आकडा कधी लिहिला नव्हता. पुरात दिसत नसेल तर जागा कोरी सोडायचे, पण मनानं भरायचे नाहीत. खोटं बोलणं त्यांना जमण्यातलं नव्हतं, आणि विमलताईंना ते याच्यासाठीच आवडले होते. पंखा फिरत राहिला. बाहेर ओट्यावर कुणीतरी कॅरमच्या सोंगट्या डब्यात भरत होतं.

"मला जरा विचार करू दे," शेवटी ते म्हणाले.

"करा की. तुमच्याकडं पाच वर्षं आहेत, यंत्रानंच सांगितलंय." विमलताईंनी पिशवी खांद्याला लावली आणि दाराची किल्ली हातात घेतली. "माझ्याकडं किती आहेत ते मला माहीत नाही. त्यामुळं मला थांबायला जमायचं नाही."

नांद्रेकर उठले, छत्री घेतली आणि पायऱ्या उतरून गेले. पेढ्यांचा पुडा टेबलावरच राहिला. विमलताईंनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि हॉलला कुलूप घातलं.